मुका मेंढा

मेंढा बोलला नाही. ग्लाफिरानं मातीच्या त्या शिट्टीच्या शेपटीला ओठ लावले, जन्मभर घालत आली तशी बेताची फुंकर घातली, आणि स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीशी नुसती हवा निघून गेली, फुस्स, थकल्या बैलानं उसासा टाकावा तशी. तिनं मेंढा उलटा केला, पोटाखालचं भोक उजेडात धरलं, काडीनं आतून साफ केलं आणि पुन्हा फुंकलं. फुस्स. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून कुणीतरी नळ ठोकला. खोल्या गरम ठेवणारा तो लोखंडी नळ सगळ्या मजल्यांतून आरपार गेलेला, त्यामुळे खाली ठोकलं की वरच्या भिंती हादरायच्या. ठण्, ठण्, ठण्. ‘‘ठोक मेल्या,’’ ती म्हणाली, ‘‘तुला दुसरा उद्योग काय!’’ आणि मेंढा फडक्यात गुंडाळून तिनं बत्त्याचा एकच घाव घातला. मुकी शिट्टी घरात ठेवायची नाही, घराबाहेर जाऊ द्यायची नाही, आणि ज्या हातानं केली त्याच हातानं फोडायची, ही नदीपलीकडची रीत. तिच्या आईनं पाळली, आजीनं पाळली, तिनंही पाळली. पण पाळायची वेळ पोरवयात दोनचारदा आली तेवढीच. ग्लाफिराचा मेंढा मुका निघाला असं व्यात्का नदीच्या दोन्ही काठांवर कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. दारात सून रिम्मा उभी होती. तिचे ओठ हलले. रिम्माचं बोलणं म्हणजे ओठ तेवढे हलायचे. आवाज जणू तिनं शेजारणीकडे ठेवायला दिलेला. ‘‘तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? बोलायचं तर बोल, नाहीतर जा.’’ रिम्मा गेली. जाताना कानाशी हात नेला आणि केस सारखे केले.

पाणीच वाईट. दुसरं काय असणार! सातव्या मजल्यावर नळाला येणारं हे पाणी, त्याला ना नदीचा वास ना विहिरीचा. असल्या पाण्यात मळलेली माती बोलेल कशी? नाहीतर ही भट्टी. भट्टी कसली, डब्यासारखी विजेची चूल, आत केक भाजायचा नि त्यातच मेंढाही भाजायचा. घरी मोठी चूल होती, निम्मी खोली व्यापणारी. तिच्यात बर्चची लाकडं लालबुंद व्हायची, बाहुल्या त्या उजेडात आतून पेटल्यासारख्या दिसायच्या, आणि बाहेर काढल्या की थंड होताना टिकटिक आवाज करायच्या, जशा काही आपसात कुजबुजतायत. गेल्याच्या गेल्या वसंतात पूर आला नि त्या चुलीच्या बुडात पाणी शिरलं. पुराचं काय कौतुक, पूर दर वसंताला यायचाच. बर्फ वितळला की व्यात्का आपला काठ विसरायची, सगळं कुरण पोटात घ्यायची, आणि लोक गल्लीतून होडीनं दूध आणायला जायचे. कोंबड्या माळ्यावर, माती चुलीच्या माथ्यावर, आणि ती नि तिची धाकटी बहीण, दोघी खिडकीत बसून पाण्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला शिट्ट्या मारायच्या. पण त्या वसंतात चूल खचली, भिंतीला भेग गेली, आणि मुलगा वेनियामिन, घरचा वेन्या, रबरी बूट घालून आत आला नि म्हणाला, ‘‘आई, बास झालं. चल.’’ ती आली. येताना मातीची बादली, काड्या आणि पेटी एवढंच घेतलं. आता गच्चीच्या काचेला नाक लावून फार डावीकडे पाहिलं तर नदीची एक पट्टी दिसते, सुरीच्या पात्याएवढी, आणि त्यापलीकडे जे हिरवं दिसतं तिथं आपलं घर असेल असं मानून चालायचं. आणि इथं अंगण नाही. शिट्टी अंगणात तपासायची असते. घरात शिट्टी वाजवली की घराची बरकत जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण गच्चीला काचा लावून तिची खोली केली यांनी. मग खिडकी उघडायची, डोकं बाहेर काढायचं आणि मानायचं की हे अंगण. सगळंच मानून चालायचं इथं.

आणि शनिवार आला होता तोंडावर. ईस्टर होऊन काही आठवडे गेले की येतो तो शनिवार, शिट्ट्यांचा. फार पूर्वी म्हणे या काठावर अंधारात दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या, आणि उजाडल्यावर कळलं की दोन्ही आपल्याच; आपल्यांनी आपल्यांनाच ओळखलं नाही. त्या मेलेल्यांसाठी सकाळी मेणबत्ती लावायची, रडायचं, आणि दुपारी कुरणावर जाऊन कानठळ्या बसेतो शिट्ट्या फुंकायच्या. रडणं आणि शिट्ट्या एकाच दिवशी कसं, हे शहरातले लोक विचारतात. कसं म्हणजे काय? मेलेल्याला रडणं ऐकू येत नाही, बारीक आवाज असतो तो. शिट्टी पोचते. त्या कुरणावर पॉप्लरच्या झाडाखाली एक बाक आहे, आणि त्या बाकावर सगळ्यांत जुनी कारागीण बसते. ती आधी आपली यंदाची शिट्टी सगळ्यांसमोर फुंकते. मग बाकीच्या बायका एकेक आपली आणतात, ती फुंकून बघते आणि म्हणते, बोलते, किंवा म्हणते, मुकी. मुकी म्हटली की तिथंच फोडायची, वाद नाही. आणि बाकावरचीचीच मुकी निघाली, तर तिनं उठायचं, पुढचीनं बसायचं. ग्लाफिराची आई तशी एकदा उठली होती. उठली आणि घरी आली, चुलीकडे तोंड करून निजली, आणि पुढं कुणी शिट्टी पुढं केली की म्हणायची, ‘‘मला काय विचारता!’’ ते ‘मला काय विचारता’ ग्लाफिराला अजून पाठीत टोचतं. आता त्या बाकावर ग्लाफिरा बसायची, आणि तिला तिथून उठायचं नव्हतं. घर गेलं, चूल गेली, नदी सुरीएवढी उरली. एक बाक तेवढा राहिलाय. आणि गेल्या वर्षी त्या तैसियानं, मातीकामाचा अभ्यासक्रम करून आलेल्या, नखं रंगवलेल्या पोरीनं, तिचा कोंबडा मुका ठरल्यावर सगळ्यांदेखत म्हटलं होतं, ‘‘आजी, आता शिट्टी वाजवतं कोण? कपाटात ठेवायची वस्तू ती.’’ ‘‘मग कपाटच कर ना मातीचं,’’ ग्लाफिरा म्हणाली होती, ‘‘कोंबड्याला कशाला त्रास!’’ सगळं कुरण हसलं होतं. यंदा ती पोर हसणार. ग्लाफिराला तिचे दात आत्ताच दिसत होते.

तिनं पुन्हा माती मळली. यावेळी वेन्याला पिटाळून नदीची वाळू आणवली, पाणी उकळून गार केलं, आणि तीन मेंढे घडवले. बोटांना सांगावं लागत नाही. अंगठा पाठ फिरवतो, दोन चिमटींत शिंगं वळतात, काडी शेपटीतून आत जाते आणि हवेची वाट बरोब्बर त्या धारेवर नेऊन सोडते जिथं फुंकर दुभंगते. ती धार केसाएवढी वरखाली झाली की संपलं. ‘‘तू नाकानं ऐकतेस, ग्लाशा,’’ लुकेरिया म्हणायची. लुकेरिया, लुशा, धाकटी बहीण. मोठी चिडकी नि मोठी हुशार. तिचं बदक सबंध कुरणावर वेगळं ओळखू यायचं. बदकाच्या पोटात तिनं काय करून ठेवलं होतं कोण जाणे, इतका तो आवाज वर जायचा की कुत्री पळायची. ‘‘कर्कश,’’ ग्लाफिरा म्हणायची. ‘‘तुझा मेंढा जांभई देतो, म्हणून तुला माझं बदक कर्कश वाटतं.’’ ‘‘जांभई देतो, पण सुरात देतो.’’ यावरून दोघी भांडायच्या. होडीत, चुलीपाशी, लुशाच्या लग्नात, शेवटी इस्पितळातही. तिथं लुशानं पांघरुणातून हात बाहेर काढला, हातात बदक. ‘‘शनिवारी फुंक. बघू तरी तुला जमतं का एवढ्या वर चढायला.’’ दर वर्षी त्या शनिवारी ग्लाफिरा ते फुंकते, सगळ्यांत शेवटी, आणि फुंकून झाल्यावर आभाळाकडे बघून म्हणते, ‘‘कर्कश.’’ हीच तिची प्रार्थना. पाद्र्याला चालेल न चालेल, लुशाला चालते.

मेंढे भाजून निघाले. खडू आणि दूध लावून पांढरे करायच्या आधीच फुंकायचे असतात. पहिला फुंकला. फुस्स. खालून ठण् ठण् ठण्. दुसरा फुंकला, जोर लावून, गाल दुखेतो. फुस्स. ठण् ठण् ठण् ठण्. तिनं दोन्ही फोडले, असे की तुकडे फडक्यातून उडून रिम्माच्या कोबीच्या सारात पडले. ‘‘आई!’’ वेन्या बाहेरच्या खोलीतून गरजला, ‘‘काय चाललंय?’’ वेन्याचं स्पष्ट असतं. बापावर गेलाय, पिंपात बोलल्यासारखा आवाज. रिम्मानं साराच्या भांड्यात बघितलं, मग सासूकडे बघितलं, आणि पुन्हा ओठ हलवले.

‘‘काय?’’

‘‘...म्हटलं, का फोडता?’’

‘‘का फोडता! मुके आहेत म्हणून फोडते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, एवढंही कळत नाही? आणि ती किटली बदल. शिट्टीची म्हणून आणलीस, कधी वाजत नाही. पाणी उकळून उकळून आटतं.’’

रिम्मा तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच काहीतरी म्हणाली आणि किटली उतरवायला गेली. किटलीच्या नळीतून वाफ सरळ रेघेत निघत होती, न बोलता, मुकाट. या घरात सगळंच मुकं, ग्लाफिराच्या मनात आलं. खिडकीबाहेर पाकोळ्या गिरक्या घेत होत्या, आणि त्याही गप्प. पूर्वी पाकोळ्या नुसत्या चिरकायच्या. शहरात येऊन त्याही शहाण्या झाल्या असतील, शेजारी नळ ठोकतात म्हणून. कावळे मात्र ओरडतात. कावळ्यांना कोण काय करणार!

लिफ्टमध्ये तो भेटला, खालचा. पोर्फिरी लुकिच. जन्मभर वाद्यवृंदात तारांची तीनकोनी बलालाइका वाजवत आलेला, ती सगळ्यांत थोरली, दाराएवढी, जमिनीवर टेकवून वाजवायची. आवाजही त्याच वाद्याचा. ‘‘ग्लाफिरा येव्हसेयेव्ना, दया करा,’’ तो म्हणाला, ‘‘कवटीत सळई घातल्यासारखं होतं हो. जन्मभर खालचे सूर वाजवले मी. मला हे सोसत नाही.’’ ‘‘माती मळायची तर आपटावी लागते,’’ ती म्हणाली. ‘‘माती? आपटण्याचं कोण बोलतंय?’’ पण त्याचा मजला आला होता, आणि ज्या माणसानं एवढं थोरलं वाद्य वाजवून एवढा लहान जीव ठेवलाय त्याच्याशी तिला वाद घालायचा नव्हता. ‘‘नळ ठोकणं बंद करा,’’ ती दार लागता लागता म्हणाली, ‘‘म्हणजे सोसेल.’’

तिसरा मेंढा खिडकीच्या कट्ट्यावर उभा होता, न फुंकलेला. तिची छाती होईना. तो मुका निघाला तर यंदा दुसरा भाजायला सवड नव्हती, शनिवार उद्यावर आलेला. ती खोलीत गेली, पलंगाखालची पेटी ओढली, आणि लोकरीच्या मोज्यातून लुशाचं बदक काढलं. आपला कान ताजा करावा, इतकंच मनात. खरी शिट्टी कशी लागते ते एकदा ऐकावं, मग मेंढ्याकडे जावं. जशी कुणी आंबवलेल्या काकडीचा तुकडा खाऊन तोंड जागं करतो. तिनं खिडकी उघडली, बदकाच्या शेपटीला ओठ लावले आणि फुंकलं. फुस्स.

मग संताप आला, असा की डोळ्यांपुढं अंधारी. म्हणजे हेही! म्हणजे तू पण! वर्षभर मोज्यात गप्प बसलीस आणि आज, नेमकी आज, मला एकटी पाडलीस? लुशाचा स्वभावच तो, हवी तेव्हा नसायची. रीत म्हणजे रीत; करणारा हात मातीत गेला, तर बहिणीचा हात आहे. तिनं बदक फडक्यावर ठेवलं, बत्ता उचलला. बत्ता वर गेला आणि वरच राहिला, कारण तिच्या आतली कारागीण म्हणाली, थांब. भाजलेली माती बदलत नाही. माती फुटते, पण मोज्यात बसून मुकी होत नाही. गेल्या वर्षीच्या शनिवारी हे बोललं होतं. धार तीच, वाट तीच, भेग नाही. मग बदललं काय? आणि त्याच घटकेला, जरा उशिरानं, जसा कुणी आधी कानातून बोटं काढून मग हात उगारावा, खालून नळ वाजला. ठण्, ठण्, ठण्.

तिनं बत्ता खाली ठेवला. बदक उचललं, बारीक फुंकलं. शांतता. ठण्. पुन्हा फुंकलं, लांब. शांतता, आणि मग ठण् ठण् ठण् ठण्, अगदी काकुळतीला आल्यासारखं. ती वळली. दारात रिम्मा उभी होती आणि तिनं दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले होते.

‘‘वाजतंय?’’ ग्लाफिरानं विचारलं.

रिम्मानं हात काढले, जवळ आली, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सासूच्या तोंडावर ओरडली, ‘‘वाजतंय, आई! सगळ्या वाजतायत! महिनाभर!’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले मी! तुम्ही म्हणालात पुटपुटू नकोस! मग मला वाटलं, तुम्हाला त्यात काहीतरी खोट दिसत असेल. आम्हाला काय कळतं? तुम्ही मुकी म्हटली म्हणजे मुकी.’’

हे असं. ती म्हणाली म्हणून ते मुके. एका माणसानंही म्हटलं नाही, बाई गं, तुझा मेंढा गळा काढून ओरडतोय. कचऱ्याच्या डब्यात तुकडे होते; तिनं त्यातलं एक शिंग उचललं, सुबक वळलेलं, आणि तिला आपल्याच कानशिलात मारावीशी वाटली. किटली. पाकोळ्या. लिफ्टमधला तो थोरल्या वाद्याचा म्हातारा. सगळं जग वरच्या सुरात बोलत होतं आणि ती त्याला पाणी वाईट म्हणत होती. आईला ऐकू येईनासं झालं होतं का तेव्हा? चुलीकडे तोंड करून निजलेली आई, तिची ती पाठ. तिची शिट्टी खरंच मुकी होती, की तिनंच तसं म्हटलं आणि उठली? कुणी फुंकून बघितली होती का? कुणीच नाही. ग्लाफिरानंही नाही. आई म्हणाली मुकी, तेव्हा मुकी. ‘‘वेन्याला सांगू नकोस,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांना माहीत आहे,’’ रिम्मा ओरडली. ‘‘ओरडू नकोस, मी बहिरी नाही,’’ ग्लाफिरा म्हणाली.

शनिवारी पाणी ओसरून कुरण हिरवं झालं होतं, पॉप्लरचा चिकट वास सुटला होता. सकाळी मेणबत्त्या झाल्या. दुपारी लोक जमले, पोरं, म्हातारे, बायका, सगळ्यांची तोंडं फुगलेली, सगळ्यांच्या ओठाला काहीतरी लावलेलं. ग्लाफिराला बाजेवाल्याचा खर्ज ऐकू येत होता, पायांची धपधप ऐकू येत होती, आणि त्यावर माणसांचे फुगलेले गाल, नदीतून काढलेल्या माशांसारखे. ती बाकावर बसली. न फुंकलेला मेंढा पांढरा करून, रंगवून, शिंगांना सोनेरी वर्खाचे चौकोन लावून आणला होता. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, तब्येत बरी नाही. किंवा प्रत्येकीला बोलते, बोलते म्हणत दुपार काढली असती. कुणाला कळणार होतं! तैसिया पुढंच उभी होती, दात दाखवत. ग्लाफिरानं मेंढा ओठाला लावला आणि फुंकला. माती ओठाशी किंचित शहारली, किंवा तिचाच ओठ. माणसं तिच्याकडे बघत होती. काही कळेना.

‘‘रिम्मा,’’ ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘‘इकडे ये. बस इथं. बोलला का हा?’’

रिम्मा लालेलाल झाली. बाकाच्या कडेला अर्धवट टेकली.

‘‘मोठ्यानं!’’

‘‘बोलला!’’ रिम्मा अशी ओरडली की बाजेवाला थांबला.

‘‘ठीक. आणा पुढची.’’

कुरणावर कुजबूज झाली असावी; ओठ हलताना दिसले. तैसियाच आधी बोलली, आणि राग आला की तिचा आवाज घोगरा व्हायचा म्हणून ते नीट ऐकू आलं. ‘‘आजी, ऐकूच येत नाही, मग बाकावर कशाला?’’

‘‘दिसत नाही ते डोळ्याला चष्मा लावतात की नाही?’’ ग्लाफिरा म्हणाली. ‘‘मी कानाला सून लावलीय. आण तुझा कोंबडा.’’

लोक हसले, पोटातून हसले ते तिला ऐकू आलं. तिनं कोंबडा फुंकला आणि रिम्माकडे पाहिलं. रिम्माचा चेहरा पडला. तिला खोटं बोलता येत नाही, सारात मीठ कमी पडलं तरी स्वतःच सांगत सुटते. ‘‘नुसती हवा,’’ ती म्हणाली, मग आठवण होऊन पुन्हा, मोठ्यानं, ‘‘मुका आहे!’’ तैसियानं कोंबडा हिसकावून घेतला, स्वतः फुंकला, दोनदा. मग बाकाच्या पायावर आपटला. ‘‘वाट सरळ गेलीय तुझी,’’ ग्लाफिरा म्हणाली, ‘‘धारेवर चढव जरा. पुढच्या वर्षी ये, आणि नखं काप.’’

ऊन उतरलं तेव्हा सगळ्या झाल्या होत्या. तिनं मोज्यातून बदक काढलं. इतकी वर्षं ती हे आभाळाकडे बघून फुंकत आली होती. आज ती बदकाकडेच बघत होती, त्याच्या झिजलेल्या चोचीकडे, जिथं लुशाच्या अंगठ्याचा ठसा होता. तिनं छाती भरून घेतली आणि फुंकलं, शेवटच्या श्वासापर्यंत, जिथं काहीच नव्हतं तिथवर. दूर काठावरची कुत्री उठून पळाली. ग्लाफिरा वळली नाही.

‘‘कसं आहे?’’

रिम्मानं आजूबाजूला पाहिलं. मेलेल्या माणसाची वस्तू, सासूची बहीण, एवढी माणसं.

‘‘विचारलं मी तुला. खरं सांग.’’

‘‘आई,’’ रिम्मा तिच्या कानाशी वाकली, ‘‘रागावू नका. जरा... कर्कश आहे.’’

ग्लाफिरानं बदक पुसलं, मोज्यात घातलं, मोजा शालीच्या आत खोचला.

‘‘मग!’’ ती म्हणाली. ‘‘मी काय सांगत होते इतकी वर्षं?’’